एकाच गळाला गोडा मासा आणि खारा मासा: लुइझियानातली मासेमारी

पहिल्या फेकीला बास लागला. दुसऱ्या फेकीला, त्याच जागी, त्याच प्लॅस्टिकच्या खोट्या कोळंबीला रेडफिश. बास हा तळ्यातला, गोड्या पाण्यातला मासा. रेडफिश समुद्राचा. बाबा होडीच्या काठाला बसून बघत होते. ते अलिबागजवळच्या खारेपाटातले. त्यांनी बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं, "मचूळ" म्हणाले आणि गप्प बसले. त्यांच्यापुरतं कोडं तिथंच सुटलं होतं. मला ते नीट सुटायला आणखी काही वर्षं लागली.

ह्यूस्टनहून नाहीतर अटलांटाहून मित्रमंडळी फोन करतात तेव्हा प्रश्न ठरलेला असतो: लुइझियानात गोड्या पाण्यात मासेमारी चांगली की खाऱ्या? अमेरिकेच्या इतर दक्षिणी राज्यांत याला सरळ उत्तर देता येतं. इथे तलाव, तिथे समुद्र, मधे शंभर मैलांचा रस्ता. लुइझियानाच्या दक्षिण भागात तसं नाही. तिथे गोडं आणि खारं पाणी ही दोन टोकं आहेत आणि मधला सगळा पट्टा मचूळ. हा पट्टा एका जागी राहत नाही, म्हणून मासेही राहत नाहीत. गेल्या वर्षी जिथे पिशवी भरून ट्राउट मिळाला, तिथे यंदा नुसती जलपर्णी असू शकते.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे सहा-सात चमचे. नदीत जवळपास शून्य. बासला दोन-चार ग्रॅमपर्यंत मीठ चालतं, त्यापुढे तो कंटाळतो. ठिपक्यांचा ट्राउट, ज्याला इथे सगळे 'स्पेक' म्हणतात, त्याचं उलट: पाणी फार गोडं झालं की तो समुद्राच्या बाजूला सरकतो. रेडफिश मात्र दोन्ही घरचा पाहुणा. अगदी गोड्या पाण्यातही दिवस काढतो. म्हणून तो बासच्या शेजारी सापडतो.

आता हे सगळं हलतं कशानं, ते बघू.

पहिलं कारण मिसिसिपी. अमेरिकेच्या मुख्य भूमीतल्या जवळपास 40 टक्के जमिनीचं पाणी ही एक नदी समुद्रात नेते. हजारो वर्षं ती वाट बदलत राहिली, गाळ पसरत राहिली, आणि त्या गाळातूनच दक्षिण लुइझियाना तयार झाला. 1927 साली महापूर आला. त्यानंतर नदीला दोन्ही बाजूंनी पक्के बांध घातले गेले. पूर थांबला आणि गाळही थांबला. खाजणात दरवर्षी पसरणारं गोडं पाणी नदीतच कोंडून सरळ समुद्रात जाऊ लागलं. खाजणं खचत गेली, समुद्र आत येत गेला. 1932 पासून या राज्यानं सुमारे 2,000 चौरस मैल जमीन गमावली आहे. तेलकंपन्यांनी खोदलेले कालवे, चक्रीवादळं आणि जमिनीचं नैसर्गिक खचणं यांचाही त्यात वाटा आहे.

आम्हाला दोन्ही मासे लागले ते डेलाक्रॉ गावाजवळ. न्यू ऑर्लिन्सपासून गाडीनं तासाभराचं अंतर, आणि तिथे रस्ताच संपतो. अठराव्या शतकाच्या शेवटी कॅनरी बेटांवरून आलेल्या लोकांच्या वंशजांची ही वस्ती. या भागावर गोड्या-खाऱ्याच्या राजकारणाचे जितके वळ आहेत तितके दुसरीकडे क्वचितच असतील. 1927 च्या पुरात न्यू ऑर्लिन्स वाचवण्यासाठी जवळच्या कार्नारवॉन इथे नदीचा बांध सुरुंग लावून फोडला आणि हा सगळा मुलूख बुडवला. साठच्या दशकात शहरापासून समुद्रापर्यंत जहाजांसाठी एक सरळ कालवा काढला. त्यातून खारं पाणी थेट आत आलं आणि सायप्रसची जंगलं उभीच्या उभी वाळली. 2009 मध्ये दगडांचा बांध घालून तो कालवा बंद केला. त्याआधीच, 1991 मध्ये, त्याच कार्नारवॉनला बांधात दारं बसवली, नदीचं पाणी मोजून खाजणात सोडायला. म्हणजे जिथे एकदा सुरुंग लावला, तिथेच साठेक वर्षांनी रीतसर दार केलं! डेलाक्रॉच्या मागच्या पाणथळीत बास आला तो या दारातून येणाऱ्या पाण्यामुळे.

बास धरणारे खूश, पण कालवंवाले नाहीत. कालवं बिचारी जागची हलत नाहीत. पाणी गोडं झालं की ती तिथेच मरतात. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली तेव्हा तेल बाहेर ढकलायला ही दारं उघडली, आणि कालवांची शेतंच्या शेतं गेली. 2019 मध्ये नदीला इतकं पाणी होतं की बॉने कॅरे नावाचा सांडवा एकाच वर्षात दोनदा मिळून 123 दिवस उघडा होता. पाँचरट्रेन तलाव आणि पुढचा समुद्र गोडा झाला, पुन्हा कालवं मेली. त्यामुळे बाराटारिया खाडीत नदीचं पाणी आणि गाळ सोडण्याचा मोठा प्रकल्प आला तेव्हा कोळंबीवाले आणि कालवंवाले विरोधात उभे राहिले. 2023 मध्ये काम सुरू झालं होतं, जुलै 2025 मध्ये राज्यानं प्रकल्प रद्द केला. जमीन वाचवायची की आजची मासळी, हा वाद मला तरी सोपा वाटत नाही. गळ टाकायला येणाऱ्या पाहुण्यानं यात फुकटचे सल्ले देऊ नयेत, एवढं नक्की.

नदीला पाणी कमी असलं की उलटा खेळ. समुद्राचं पाणी जड असतं, ते तळाला बसतं. मिसिसिपीचा तळ न्यू ऑर्लिन्सच्या कितीतरी वरपर्यंत समुद्रपातळीच्या खाली आहे. मग वरून गोडं पाणी समुद्राकडे वाहतंय आणि खालून खाऱ्या पाण्याची पाचर नदीत वर सरकतेय, असं एकाच वेळी चालतं. 2023 च्या दुष्काळात ही पाचर इतकी वर आली की लष्कराच्या अभियंत्यांनी नदीच्या तळाशी गाळाचा उंबरठा बांधून ती अडवायचा प्रयत्न केला, आणि नदीच्या मुखाकडच्या लोकांवर पिण्यासाठी बाटलीबंद पाण्याची वेळ आली. अशा वर्षी समुद्री मासे एरवी न दिसणाऱ्या ठिकाणी चढतात.

भरती-ओहोटीचा हिशेब इथे फसतो

बाबांनी होडीत बसल्या बसल्या तिथी विचारली. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता. बोटांवर मोजून त्यांनी वेळ सांगितली आणि होडीच्या कॅप्टनकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. कॅप्टनच्या फोनवरचा तक्ता भलतंच काही सांगत होता. बाबांचा चेहरा पडला.

चूक त्यांची नव्हती. मुंबईला दिवसाला दोन भरत्या येतात आणि उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. लुइझियानाच्या किनाऱ्यावर बहुतेक दिवस एकच भरती आणि एकच ओहोटी, तीही जेमतेम फूटभर. अमावास्या-पौर्णिमेपेक्षा चंद्र विषुववृत्तापासून किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, याला इथे जास्त महत्त्व. तो विषुववृत्तावर असला की पाणी दिवसभर हलल्यासारखंच वाटत नाही, आणि पाणी हललं नाही की मासा तोंड उघडत नाही.

भरती इतकी दुबळी असल्यामुळे खरा मालक वारा. आग्नेयेचा वारा दोन दिवस वाहिला तर आखाताचं पाणी खाजणात घुसतं. हिवाळ्यात थंडीची लाट आली की उत्तरेचा वारा सगळं पाणी बाहेर रेटतो. काल जिथे होडी तरंगत होती तिथे आज चिखल, आणि मासे सगळे खोल कालव्यांत गोळा झालेले. स्थानिक लोक या दिवसांची वाट बघत बसतात. एवढ्या मोठ्या खाजणात मासा शोधायचा त्रासच उरत नाही.

पाणी कुठलं आहे हे जीभ न लावताही कळतं. (कॅप्टननं बाबांना तेव्हाच दटावलं होतं. उन्हाळ्यात कोमट मचूळ पाण्यात व्हिब्रिओ नावाचा जीवाणू असतो, हाताला जखम असेल तर जिवावर बेततं.) खुंटांवर शिंपल्यांसारखे खडबडीत जीव चिकटलेले दिसले की पाणी खारं. काठाला उंच बोरू माजलेला असेल आणि जलपर्णी तरंगत असेल तर गोडं. ही जलपर्णी तीच, जिनं इंद्रायणी आणि उल्हास नदीचा गळा धरलाय. मूळची दक्षिण अमेरिकेची, शोभेचं फूल म्हणून लोकांनी जगभर नेलेली.

कायद्याची रेघ

पाणी असं सरकतं, पण परवान्याची रेघ सरकून चालणार नाही. म्हणून राज्यानं नकाशावर एक रेघ कायमची मारली आहे. ती काही ठिकाणी कालव्याच्या काठानं आणि काही ठिकाणी महामार्गावरून जाते. रेघेच्या उत्तरेला मूळ परवाना पुरतो, दक्षिणेला त्याच्यावर खाऱ्या पाण्याचा वेगळा परवाना लागतो. त्या दिवशी आमच्या पायाखालचं पाणी बासला चालेल इतकं गोडं होतं, पण कायद्याच्या दृष्टीनं आम्ही खाऱ्यात होतो. मित्रांना मी एकच सांगतो: दक्षिणेला जाणार असाल तर दोन्ही काढा, वाद घालू नका. परवाने राज्याच्या वन्यजीव आणि मत्स्य खात्याच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत मिळतात. मापं आणि संख्या अधूनमधून बदलतात, तीही जायच्या आदल्या दिवशी तिथेच बघा.

मापांमागचं शास्त्र मात्र एकदा समजून घेण्यासारखं आहे. रेडफिशचा नियम जून 2024 मध्ये बदलला: माणशी दिवसाला चार, आणि लांबी 18 ते 27 इंचांच्या मधली. लहान मासा सोडायचा हे कुणालाही पटतं. 27 इंचांच्या वरचा, हात भरून येणारा मासा परत पाण्यात टाकायचा, हे मात्र नव्या माणसाच्या गळी उतरत नाही. आधी असा एक मोठा ठेवायची मुभा होती, तीही गेली.

कारण रेडफिशच्या आयुष्यात आहे. उन्हाळा संपता संपता खाड्यांच्या तोंडाशी समुद्रात अंडी पडतात. पिल्लं पाण्याबरोबर आत खाजणात येतात, चिंबोऱ्या-कोळंबीवर वाढतात आणि तीन-चार वर्षांनी 27 इंचांच्या आसपास होऊन समुद्रात जातात. त्यापुढे तो मासा चाळीस वर्षंही जगू शकतो आणि दर हंगामात अंडी घालतो. म्हणजे आपण खाजणात धरतो ती पोरंसोरं, आणि बाहेर आहेत ते आईबाप. ऐंशीच्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडोम या आचाऱ्यानं तापलेल्या बिडाच्या तव्यावर मसाला काळा होईपर्यंत भाजलेला रेडफिश लोकप्रिय केला. देशभरातून मागणी आली, आणि मोठ्या जाळ्यांच्या बोटी विमानातून थवे हेरून समुद्रातले हे आईबापच उचलू लागल्या. त्यानंतर समुद्रातली पकड बंद झाली आणि लुइझियानानं रेडफिशची व्यापारी मासेमारीच थांबवली. आता पुन्हा चिंता अशी की खाजणातून सुटून समुद्रापर्यंत पोचणाऱ्या माशांचं प्रमाण ठरवलेल्या 30 टक्क्यांच्या खाली आलं. म्हणून नवा नियम.

बाबांना हे जिताड्यावरून लगेच समजलं. खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून गावच्या तळ्यात वाढवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. गोड्या पाण्यात तो फोफावतो, पण अंडी घालायला त्याला खारंच लागतं. शिवाय जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. सगळ्यात मोठा मारला की मादीच मारली.

स्पेकचा नियम नोव्हेंबर 2023 मध्ये बदलला. आधी बारा इंचांपासून पुढचे पंचवीस ठेवता यायचे, आता पंधरा, 13 ते 20 इंचांतले, आणि त्या पंधरांत वीस इंचांवरचे दोन चालतात. जुने लोक अजून कुरकुर करतात. मला विचाराल तर पंधरा मासे साफ करून बघा, मग तक्रार करा.

त्या सकाळी तिसरा आला तो ब्लॅक ड्रम. होडीत घेतल्याबरोबर त्याच्या पोटातून ढब-ढब असा आवाज येऊ लागला. "अरे, हा बोलतोय!" बाबा उठून उभेच राहिले. "घोळीसारखा!" ते बरोबर होतं. रेडफिश, स्पेक, ब्लॅक ड्रम हे तिन्ही आपल्या घोळ आणि ढोम्याच्याच कुळातले. पोटातली हवेची पिशवी, जिला आपण भोत म्हणतो आणि घोळीच्या बाबतीत जिचा सोन्यासारखा भाव होतो, तिच्यावर स्नायू आपटून हे मासे आवाज काढतात. इंग्रजीत 'ड्रम' हे नाव त्यावरूनच.

उत्तरेचं गोडं पाणी, आणि समुद्रातले लोखंडी डोंगर

ज्यांना बोटीवर उलटी होते किंवा मुलं बरोबर आहेत, त्यांनी उत्तर लुइझियाना बघावं. टेक्ससच्या सीमेवर सबाइन नदी अडवून साठच्या दशकात टोलेडो बेंड हा जलाशय केला. क्षेत्र सुमारे 1,85,000 एकर. धरणात बुडालेली झाडं पुष्कळ ठिकाणी तशीच उभी आहेत. बास त्या खोडांच्या आडोशाला राहतो, त्यामुळे 2015 आणि 2016 अशी लागोपाठ दोन वर्षं एका नामांकित मासिकानं या तलावाला बाससाठी देशात पहिला नंबर दिला. तीच खोडं होडीचा तळही फोडतात, तेव्हा खुणा लावलेल्या वाटेनंच जायचं. वसंतात इथे आणि आसपासच्या तलावांत क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा भरपूर मिळतो. याला लुइझियानात 'साक-आ-ले' म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'दुधाची पिशवी' होतो, पण मूळ शब्द चोक्टॉ या आदिवासींच्या भाषेतला मानतात, फ्रेंच कानांनी आपल्या सोयीनं ऐकलेला. मांस पांढरं, गोडसर आणि काटे मोजके. मुलांना घास भरवताना जीव वर-खाली होत नाही.

दक्षिण-मध्य भागातलं अचाफलाया खोरं ही देशातली सगळ्यात मोठी नदीकाठची दलदल. मिसिसिपी आणि रेड या दोन नद्यांचं मिळून 30 टक्के पाणी धरणांच्या दारांतून ठरवून इकडे सोडतात. वसंतात पाणी जंगलात शिरतं, जमिनीवरचा पाला कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. अशा काळ्या पाण्यात गळ टाकून बसणं म्हणजे वेळ घालवणं. पाणी उतरायला लागलं की जंगलातून कालव्यात जिथे ओहोळ निघतात तिथे मासे तोंड करून उभे असतात. तिथे बास, साक-आ-ले, कॅटफिश काहीही लागू शकतं. मगरीही असतात. पकडलेले मासे दोरीला बांधून पाण्यात लोंबत ठेवायची सवय असेल तर ती इथे सोडा.

खोल समुद्र हा वेगळाच आणि महागडा कारभार आहे. मिसिसिपीच्या मुखाशी व्हेनिस नावाचं गाव आहे. नदीनं आपला त्रिभुज प्रदेश इतका पुढे ढकललाय की तिथून खोल पाणी जवळ पडतं, आणि पिवळ्या पंखांचा टूना एका दिवसाच्या फेरीत मिळू शकतो. बाकी सगळा तळ सपाट, मऊ चिखलाचा. त्यावर माशांना आडोसा मिळतो तो तेलाच्या मनोऱ्यांचा. 1947 पासून हे मनोरे किनारा दिसेनासा होईल इतक्या आत समुद्रात उभे राहू लागले. त्यांच्या पायांवर शेवाळ आणि शिंपले धरतात, त्यांच्यामागे लहान मासे, त्यांच्यामागे रेड स्नॅपर. 1986 च्या राज्याच्या कायद्यानं जुने निकामी मनोरे आडवे पाडून तळाशी मत्स्यखडक म्हणून ठेवायची सोय केली. तेलानं किनाऱ्याचं वाटोळं केलं आणि तेलाच्याच लोखंडानं मासा पोसला. दोन्ही खरं आहे, आणि इथल्या माणसाला त्यात विसंगती वाटत नाही. उन्हाळ्यात मात्र तळाशी मोठ्या पट्ट्यात प्राणवायू नसतो, कारण वरच्या राज्यांतल्या शेतातलं खत नदीनं आणून टाकलेलं. 2017 मध्ये हा पट्टा 8,776 चौरस मैलांचा होता. तेव्हा मासा तळ सोडून वर येतो, आणि गळही वरच ठेवावा लागतो.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही. खाजणात जिथे आज पाणी आहे तिथे काल कुणाची तरी जमीन होती, आणि लुइझियानात ती बुडाल्यावरही मालक तिच्यावर हक्क सांगतो. भरती-ओहोटीचं उघडं पाणी दिसतंय म्हणून होडी घातली तर अतिक्रमणाची तक्रार होऊ शकते. काही कालव्यांवर साखळ्या आणि पाट्या असतात, काहींवर नसतात. म्हणून पहिल्या एक-दोन वेळा गाइड घ्या. गाइडच्या होडीवरून जाणाऱ्या पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचा वेगळा परवानाही असतो. बाबांसाठी आम्ही तोच काढला होता.

आणि जायचं तर ऑक्टोबरात. कोळंबी खाजणातून बाहेर पडत असते, स्पेक आत येत असतो, रेडफिश उथळ पाण्यात शेपटी वर काढून चरत असतो, आणि उकाडा संपलेला असतो. सामान फार नको: एक दांडी, कुडकुड आवाज करणारा बोया, त्याखाली दीड-दोन फुटांवर जिवंत किंवा खोटी कोळंबी. दोरीला झटका दिला की बोया पाण्यात बुडबुडतो, माशाला वाटतं कुणीतरी जेवायला बसलंय.

रेडफिश इथे खवलं न काढता भाजतात. कातडीसकट तुकडा, खवलांची बाजू निखाऱ्याकडे, वर लोणी आणि लसूण. बाबांना हे बघवेना. "खवलं न काढता? आजी असती तर उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नसतं." पण वास सुटल्यावर ताट पुढे केलंच. मी घरून नेलेलं आगळ त्यांनी लोण्यावर सढळ हातानं ओतलं. दोन घास झाले, तिसरा झाला.

"जिताड्याची सर नाही," ते म्हणाले. "पण खाडीचाच आहे."